वाळल्या गवताचा उत्सव : शिकागो शहरातील एक बाग

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर शरद ऋतूचे व्याख्यान म्हणजे लग्नघरी श्राद्धाचे मंत्र, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. आम्ही ज्या शरदाविषयी सांगणार आहो त्याचे आणि आपल्या वसंताचे नाते श्रोत्यांना वाटते त्याहून जवळचे आहे. सभागृहाकडे येताना रस्त्याकडेचा पिंपळ आपण पाहिला असेल. महिन्यामागे तो उघडाबोडका होता. आता त्याला तांबूस, कोवळी, चकचकीत पालवी आली आहे. उत्तर अमेरिकेत जी पानगळ ऑक्टोबरात होते ती आपल्याकडे माघ-फाल्गुनात होते, आणि जो तांबडा रंग तेथे मरणाऱ्या पानाला चढतो तो आपल्याकडे जन्मणाऱ्या पानाला चढतो. एकच नाटक, पण अंकांची अदलाबदल झालेली.

आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस सरलेला, आभाळ धुतलेले, शेतात भात पिवळे पडू लागलेले. पाने गळण्याशी त्याचा काही संबंध नाही. तिकडचा शरद सप्टेंबरच्या २२-२३ तारखेस, दिवस-रात्र समान होतात तेव्हा सुरू होतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. या काळात दिवस भराभर लहान होतो आणि पुढे जमिनीतले पाणी गोठण्याची वेळ येते. मुळांना पाणी ओढता येत नसेल तर पान हे झाडाला ओझे होते. आपल्याकडे पाणी गोठत नाही, आटते. म्हणून पळस, सावर, पांगारा ही मंडळी उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकतात. कारण निराळे दिसले तरी हिशेब एकच : पाणी नसेल तर पानांचा कारखाना चालवू नये.

आणि हा कारखाना बंद करण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. पान गळण्यापूर्वी झाड त्यातले हरितद्रव्य मोडते आणि नायट्रोजनसारखा मौल्यवान माल खोडात व मुळांत परत नेऊन ठेवते. हिरवा रंग गेला की खाली मुळातच असलेला पिवळा दिसू लागतो. तांबडा मात्र बहुतेक झाडांत त्या वेळी नव्याने तयार होतो, पानात उरलेल्या साखरेपासून. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पडदा तयार होतो आणि पान सुटते. टाळेबंदीच्या आधी रातोरात यंत्रे हलवणारे मालक आम्ही पाहिले आहेत. फरक एवढाच की झाड आपले भांडवल पुढल्या साली त्याच जागी परत आणते.

आता शिकागोकडे वळू. आमच्या चळवळीतल्या माणसाला हे नाव शाळेच्या भूगोलातून नव्हे, तर मे दिनातून माहीत होते. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी तेथे मोठा संप झाला. ४ मे रोजी हेमार्केट चौकातल्या सभेत बाँब पडला, गोळीबार झाला, पोलीस आणि कामगार दोन्ही बाजूंची माणसे मेली. बाँब कोणी फेकला हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. तरी ११ नोव्हेंबर १८८७ रोजी, ऐन पानगळीत, चार पुढाऱ्यांना फाशी देण्यात आले. १८९३ साली गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी तुरुंगात उरलेल्या तिघांना माफी दिली आणि तो खटलाच अन्याय्य होता असे लिहून ठेवले. १८८९ साली पॅरिसच्या परिषदेने १ मे हा दिवस जगभरच्या कामगारांचा ठरवला, तो या शिकागोमुळे. हेमार्केट या शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे : गवताचा बाजार. गाड्या ओढणाऱ्या घोड्यांची वैरण तेथे विकली जाई.

हा चौक रँडॉल्फ स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर आहे. त्याच रस्त्याने पूर्वेकडे, सरोवराच्या दिशेने सुमारे दीड किलोमीटर चालत गेले की उजव्या हाताला मिलेनियम पार्क लागते, आणि त्या उद्यानाच्या दक्षिण टोकाला लुरी गार्डन नावाची बाग आहे. तीच आमच्या आजच्या विषयाची बाग. उद्यान जुलै २००४ मध्ये उघडले. त्याच वर्षी सप्टेंबरात हेमार्केटच्या जागी, जेथून वक्ते बोलत होते त्या गाडीची आठवण देणारे मेरी ब्रॉगर यांचे ब्राँझचे शिल्प उभे राहिले. एका रस्त्यावर एकाच वर्षी गवताच्या दोन आठवणी; हा योगायोगच, पण आम्हांला तो आवडला. बाग आम्ही पाहिली ती पुस्तकांतून, नकाशांतून आणि चित्रपटांतून, हेही येथे सांगून टाकतो.

ती ज्या जमिनीवर आहे ती खरे म्हणजे जमीनच नव्हे. मिशिगन सरोवराचे पाणी पूर्वी तेथपर्यंत येत असे. १८५२ साली इलिनॉय सेंट्रल रेल्वेने पाण्यात लाकडी खांब रोवून त्यांवर रूळ टाकले. ऑक्टोबर १८७१ च्या मोठ्या आगीत शहर जळाले तेव्हा त्याचा राडारोडा सरोवरात लोटला आणि किनारा आणखी पुढे सरकला. पुढे शंभरावर वर्षे तेथे रेल्वेचे यार्ड होते, आणि मोटारी आल्यावर मोटारतळही. आज उद्यानाखाली मोटारतळ आहे आणि आगगाड्या धावत आहेत. म्हणजे झाडे, पाणी, गवत हे सर्व एका छपरावर आहे. छपराला भार सोसला पाहिजे म्हणून उंचवटे करताना मातीखाली थर्माकोलच्या जातीचे हलके ठोकळे घातले आहेत, आणि मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम दीड फूट, काही ठिकाणी चार फूट, एवढाच.

शहराच्या ऐन मध्यावर, जेथे जमिनीला सोन्याचा भाव, तेथे ही मोकळी जागा राहिली कशी? १८३६ च्या एका नकाशावर सरोवरकाठच्या पट्ट्यावर एक टीप लिहिलेली होती : ही सार्वजनिक जागा आहे, ती कायम मोकळी राहावी, तिच्यावर इमारत बांधू नये. अशा टिपा फायलींत पुष्कळ असतात. पण १८९० पासून दोन दशके माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने त्या एका टिपेच्या जोरावर शहराविरुद्ध एकामागून एक खटले लढवले. टपालाने माल विकणारा हा धनिक. कामगारांचा कैवारी मुळीच नव्हे. शहरातले पुढारी आणि वृत्तपत्रे त्याच्यावर तुटून पडली. शेवटी १९११ पर्यंत निकाल त्याच्या बाजूने लागले. आमची मते काही असोत, या कामाबद्दल त्याला नमस्कार केला पाहिजे.

मुंबईच्या गिरण्यांची आठवण येथे टाळता येत नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ होता : बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक हिस्सा सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, एक हिस्सा मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी सगळ्या जमिनीची न होता केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीची होईल असे ठरले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. परळ-लालबागच्या आकाशात पुढे काय उगवले ते आपण जाणताच. टीप तिकडेही होती, इकडेही होती. तिकडे ती जागेवर राहिली.

शिकागोच्या उद्यानाचाही सगळाच कारभार गोड होता असे नाही. ते २००० साली व्हायचे ते चार वर्षे उशिरा झाले. १५ कोटी डॉलरचा अंदाज ४७ कोटींच्या पलीकडे गेला. जवळजवळ निम्मा पैसा धनिकांनी दिला आणि प्रत्येक कोपऱ्यावर कोणा ना कोणाचे नाव लागले. लुरी हेही देणगीदाराचेच नाव. परंतु एक गोष्ट त्यांनी केली ती आपल्याकडचे दाते क्वचित करतात : बागेच्या देखभालीसाठी १ कोटी डॉलरचा कायम निधी ठेवला. उद्घाटनाच्या कोनशिलेला पैसे मिळतात, माळ्याच्या पगाराला मिळत नाहीत, हा आपला अनुभव आहे. बागेत जायला तिकीट नाही.

आराखडा कॅथरिन गुस्टाफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. सोबत रंगभूमीचे नेपथ्य करणारे रॉबर्ट इस्राएल होते. बागेचे दोन भाग : एक सावलीचा, उंच झाडोऱ्याचा, जुन्या दलदलीच्या किनाऱ्याची आठवण देणारा, दुसरा उन्हाचा, मोकळा, खुज्या गवताफुलांचा. दोहोंमधून तिरपा पाण्याचा पाट आणि त्याच्या कडेने लाकडी वाट जाते. ही तिरपी रेघ उगाच काढलेली नाही, ती जुन्या किनाऱ्याच्या भिंतीची खूण आहे. भोवती उंच हिरवे कुंपण आहे. कार्ल सँडबर्ग या कवीने १९१४ साली शिकागोवर कविता लिहिली आणि शहराला रुंद खांद्यांचा कष्टकरी मानले. त्या खांद्यांवरून कुंपणाचे नाव पडले आहे. कुंपणाला कष्टकऱ्याच्या खांद्याचे नाव, असे आम्ही अन्यत्र कोठे वाचले नाही.

लावणी मात्र हॉलंडच्या पीट औडॉल्फ यांची. १९४४ साली हार्लेम येथे जन्मलेल्या या गृहस्थांनी १९८२ पासून हुम्मेलो नावाच्या खेड्यात पत्नी आन्या यांच्यासह रोपवाटिका चालवली आणि बागकामाचे एक नवे शास्त्रच उभे केले. ते असे : झाड निवडायचे ते केवळ फुलासाठी नव्हे. त्याची ठेवण, पान, बोंड, वाळलेली काडी, हे सर्व पाहायचे. आणि जे मेल्यावरही उभे राहून शोभते तेच खरे. तपकिरी हाही एक रंगच आहे, असे ते सांगत आले. आपल्या सरकारी बागांत फूल कोमेजले की रोप उपटून नवी कुंडी ठेवण्याची रीत आहे. बदली कामगाराला वागवतात तशीच ती रीत. औडॉल्फ यांच्या बागेत एकदा लावलेले रोप वर्षानुवर्षे तेथेच नांदते आणि त्याच्या म्हातारपणालाही बागेत जागा असते.

गवत हा त्या बागेचा कणा आहे, आणि ते गवत तेथे का आहे हे समजून घेतले पाहिजे. इलिनॉय राज्याला अमेरिकेत प्रेअरीचे राज्य म्हणतात. प्रेअरी म्हणजे गवताळ सपाटी. १८२० च्या सुमारास या राज्यात सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. आज चांगल्या स्थितीत उरली आहे ती अदमासे अडीच हजार एकर. उरलेली कोठे गेली? नांगराखाली. तेथली काळी चिकट माती जुन्या नांगराच्या फाळाला चिकटून बसे आणि शेतकऱ्याला थांबून थांबून ती खरवडावी लागे. १८३७ साली ग्रँड डिटूर या गावी जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळ केला आणि माती आपोआप सुटू लागली. अडाणी न म्हणता येईल अशा एका कारागिराच्या कल्पकतेने माणसांना अन्न दिले आणि त्याच दमात एक सृष्टी पुसली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी दडवू नये.

या गवतांची मुळे जमिनीत दहा-दहा फूट जातात. वरचे जळले तरी खालचे जगते, म्हणून तेथले मूळ रहिवासी मुद्दाम वणवे लावत. शिकागोच्या छपरावर दहा फूट माती नाही, तरी त्यांतल्या बऱ्याच जाती तेथे रमल्या. तथापि लुरी गार्डन ही प्रेअरी नव्हे. तीत परदेशी झाडेही आहेत आणि सगळी मांडणी माणसाच्या डोळ्यासाठी केलेली आहे. निसर्गासारखी दिसणारी बाग आणि निसर्ग यांत, नाटकातला राजा आणि खरा राजा यांत असते तेवढे अंतर असते. पण चांगले नाटक पाहिलेल्या माणसाला खऱ्याची किंमत कळते, एवढे मानायला हरकत नाही.

आता शरदातील फेरी. सप्टेंबरात शेवटची फुले असतात. निळी-जांभळी ॲस्टर आणि सावलीच्या भागात पांढरट-गुलाबी ॲनिमोन. त्याच वेळी प्रेअरी ड्रॉपसीड नावाचे केसाळ गवत फुलावर येते आणि त्याचा वास दरवळतो. कोणाला तो मक्याच्या लाह्यांसारखा वाटतो, कोणाला धण्यांसारखा. गवताच्या वासावरून माणसे वाद घालतात, ही त्या बागेची कमाई समजावी. ऑक्टोबरात स्विचग्रासच्या एका जातीची पाती दारूच्या रंगाची होतात, लिटल ब्लूस्टेम तांब्याच्या भांड्यासारखे दिसू लागते, आणि ॲम्सोनिया नावाचे दोरेदार पानांचे झुडूप असे पिवळे होते की उन्हात त्याच्याकडे नीट पाहवत नाही. एकिनेशियाच्या पाकळ्या केव्हाच झडलेल्या असतात. उरतात ती काळी, काटेरी, वाटोळी बोंडे. त्यांवर गोल्डफिंच नावाची चिमणीएवढी पिवळी पाखरे बसून दाणे टिपतात. माळ्याने ती बोंडे वेळेवर छाटली असती तर बाग स्वच्छ दिसली असती आणि पाखरे उपाशी गेली असती.

याच दिवसांत मोनार्क नावाची केशरी-काळी फुलपाखरे दक्षिणेकडे निघालेली असतात. उन्हाळ्यात जन्मलेल्या पिढ्या काही आठवडेच जगतात. पण शरदाच्या तोंडी जन्मलेली पिढी लगेच अंडी घालत नाही. ती शिकागोच्या बाजूने अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापून मध्य मेक्सिकोच्या डोंगरातील देवदारासारख्या झाडांवर हिवाळा काढायला जाते. वाटेत मध हवा, म्हणून शरदात फुलणारे प्रत्येक ॲस्टर ही त्यांची पाणपोई आहे. मेक्सिकोत ती पोहोचतात नोव्हेंबरच्या आरंभी, तेथील पितरांच्या सणाच्या सुमारास. त्या सणाला तेथे घरोघर फूल लागते ते झेंडूचे. झेंडू मूळचा तिकडचाच. समुद्रावरून आपल्याकडे आला आणि आपल्या दसऱ्याला असा चिकटला की तो परका आहे हे सांगूनही कोणाला पटत नाही. खंडेनवमीला साच्यांना, लेथला, मोटारींना झेंडूच्या माळा घालणाऱ्या हातांना आम्ही ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे. शरदाचा उत्सव आपणही करतोच. फूल मेक्सिकोचे, पान आपट्याचे.

शिकागोच्या उत्सवात मात्र तोडणे नाही. हिवाळा आला तरी काही कापत नाहीत. वाळलेल्या काड्या, बोंडे, गवताचे झुबके तसेच उभे राहतात. त्यांवर बर्फ साठते. पोकळ देठांत रानमाश्या आणि किडे थंडी काढतात. हिवाळा सरता सरता सगळी बाग एकदम कापली जाते आणि तो कातरा बारीक करून जागीच पसरला जातो. त्यातून मग वसंतातले कंद डोके वर काढतात. म्हणजे हिवाळाभर माळ्याला काम नसते असे कोणी समजू नये. काय उभे ठेवायचे, कोणते रोप शेजाऱ्याला दाबते आहे, कोणते बी जास्त पसरले, हे डोळ्याने ठरवावे लागते. झाडू मारणे कोणालाही सांगता येते. हे ओळखायला शिकलेला माणूस लागतो, आणि शिकलेला माणूस टिकवायचा तर त्याला कायम नोकरी लागते.

आमचा खरा मुद्दा येथे येतो. एका गावच्या नगर बागेतील कंत्राटी माळ्यांचा तंटा आम्ही काही वर्षे चालवत आहो. त्यांची हजेरी कशावर ठरते? सकाळी सातच्या आत जमिनीवर एक पान दिसता कामा नये यावर. पान दिसले की अर्धा रोज कापला. मग ते बिचारे पाने लोटून कोपऱ्यात पेटवतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि दंडही सांगितला. म्हणजे पान ठेवले तर रोज कापतो आणि जाळले तर दंड होतो. पाने कुजवायला खड्डा मागितला तर खड्ड्यासाठी जागा नाही, असे उत्तर मिळाले. त्याच बागेत कृत्रिम धबधब्याला जागा होती. स्वच्छतेची व्याख्या बदलल्याखेरीज या माणसांची मजुरीही सुधारणार नाही, ही गोष्ट आम्हांला तंटा लढतानाच कळली.

आपल्याकडे असे काही होऊच शकत नाही, हेही खरे नाही. मुंबईत धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी, १९७७ पर्यंत शहराचा कचरा टाकीत. त्या ३७ एकरांवर झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान झाले आणि १९९४ साली लोकांना उघडे झाले. तेथे जाऊन पाहावे. आणि गवतच पाहायचे तर शिकागोलाही जायला नको. सोलापूर-नगरच्या बाजूची माळराने कार्तिकात सोन्यासारखी होतात. कुसळी, मारवेल, पवन्या ही आपली प्रेअरी. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले ते या गवतामुळेच. पण सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद बहुधा एकाच शब्दात होते : पडीक. आणि पडीक म्हटली की ती कोणालाही द्यायला मोकळी. धनगरांच्या मेंढ्या ज्यावर वर्षभर जगतात ती जमीन पडीक कशी, हे त्या शब्दाच्या कर्त्याला कोणी विचारले नाही.

तथापि तिकडचे आंधळेपणाने उचलू नये. शिकागोत वाळले गवत बर्फाखाली असते. आपल्याकडे ते चैत्राच्या उन्हात असते आणि एका विडीने पेटते. सापाचीही भीती असते आणि ती खोटी नाही. म्हणून आमच्या माळ्यांनीच सुचवलेला क्रम येथे देतो. दिवाळीपूर्वी गवत मुळीच कापू नये. बहुतेक गवतांचे बी मार्गशीर्षापर्यंत झडते, तोवर ते उभे राहू द्यावे आणि मुनियांना खाऊ द्यावे. वाटांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन हात पट्टा मात्र आधीपासून साफ ठेवावा. माघ संपण्याच्या आत बाकीचे विळ्याने कापावे, सगळे एकदम न कापता एक तुकडा दर साली सोडावा, आणि कापलेले जाळू नये. थोडे वैरणीला द्यावे, उरलेले झाडांच्या बुडाशी अंथरावे. याला नवीन यंत्र लागत नाही. विळे कोठीत आहेत. लागेल तो नगरपालिकेचा एक ठराव आणि माळ्यांच्या हजेरीपुस्तकातला एक रकाना, ज्यात पानांची नव्हे तर कामाची नोंद होईल.